सात डॉलर नाकारणारी पलटण

अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेतल्या साध्या शिपायाला महिना १३ डॉलर पगार होता, कपडे वेगळे. १८६३ च्या वसंतात बॉस्टनजवळच्या रीडव्हिल छावणीत ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत भरती झालेल्या कृष्णवर्णीय तरुणांनाही हाच शब्द दिला होता. पगारवाटपाच्या वेळी मात्र त्यांच्यापुढे १० डॉलर आले आणि त्यातलेही ३ कपड्यांपोटी कापलेले. उरले सात. अख्ख्या पलटणीने ते घ्यायला नकार दिला आणि जवळजवळ दीड वर्ष बिनपगारी लढाई केली.

राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या १ जानेवारी १८६३ च्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याने कृष्णवर्णीयांना सैन्याची दारे उघडली. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी ही पलटण उभारायचे ठरवले. पण त्यांच्या राज्यात कृष्णवर्णीयांची वस्तीच थोडी. म्हणून पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, ओहायोपासून थेट कॅनडापर्यंत माणसे शोधली गेली. गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांनी भरतीसाठी रान उठवले आणि आपले दोन मुलगे, लुईस आणि चार्ल्स, पलटणीत धाडले. खलाशी, न्हावी, शेतमजूर असे नाना धंद्यांतले लोक स्वखुशीने आले. अधिकारी गोरे होते. कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ अवघे पंचविशीचे. पलटण बॉस्टनहून निघाली त्याच महिन्यात दक्षिणेच्या काँग्रेसने ठराव केला: अशा पलटणींचे गोरे अधिकारी हाती लागले तर त्यांना देहदंड देता येईल आणि शिपायांना त्या त्या राज्याच्या हवाली केले जाईल. युद्धकैद्याची वागणूक मिळणार नाही, हे माहीत असूनच ही माणसे दक्षिणेत उतरली.

१८ जुलै १८६३. चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी मॉरिस बेटावर दक्षिणेचा वॅगनर किल्ला होता. किल्ला म्हणजे वाळूचे उंच तट आणि पुढे खंदक. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दलदल. मधल्या चिंचोळ्या पुळणीवरूनच चढाई शक्य होती. दिवसभर युद्धनौकांनी आणि जमिनीवरच्या तोफांनी मारा केला, तरी आतली शिबंदी शाबूत राहिली. तिन्हीसांजेला ५४वी आघाडीवर निघाली. दोन दिवसांची अपुरी झोप आणि जवळपास रिकामी पोटे घेऊन सुमारे ६०० जण धावले. शॉ तटावर पोचले आणि तिथेच पडले. निशाणधारी कोसळताच सार्जंट विल्यम कार्नी यांनी निशाण उचलले. अनेक जखमा झाल्या, तरी रक्तबंबाळ अवस्थेत स्वतःला ओढत त्यांनी ते मागे आणले, जमिनीला टेकू दिले नाही. व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मलेल्या कार्नींना या पराक्रमाचे सन्मानपदक मिळायला १९०० साल उजाडले. त्या संध्याकाळी पलटणीतले अडीचशेहून अधिक जण ठार, जखमी वा बेपत्ता झाले. शत्रूने शॉ यांना त्यांच्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरले. वडिलांनी मुलाचा देह तिथून हलवू दिला नाही.

एवढे होऊनही पगार सातच. १८६२ च्या कायद्यात कृष्णवर्णीयांची कल्पना खंदक खणणारे, ओझी वाहणारे मजूर अशी होती आणि खजिना त्याच कायद्यावर बोट ठेवत होता. सार्जंट असो की शिपाई, रक्कम तीच. कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंग यांनी २८ सप्टेंबर १८६३ रोजी थेट लिंकन यांना पत्र लिहून विचारले: आम्ही सैनिक आहोत की मजूर? मॅसॅच्युसेट्स राज्याने फरकाची रक्कम आपल्या तिजोरीतून द्यायची तयारी दाखवली. पलटणीने तीही नाकारली. राज्याने दिलेल्या पैशाने पोट भरले असते, पण राष्ट्राच्या हिशेबात ते कमी दर्जाचेच राहिले असते. घरून बायकामुलांच्या हालअपेष्टांची पत्रे येत होती. ती वाचूनही हात पुढे न करणे मला वॅगनरच्या तटावर चढण्याइतकेच कठीण वाटते.

२० फेब्रुवारी १८६४ ला फ्लोरिडात ओलस्टी इथे उत्तरेचा पराभव झाला, तेव्हा माघारीची पिछाडी राखणाऱ्यांत ५४वी होती. जखमींनी भरलेल्या गाडीचे इंजिन बंद पडले, तेव्हा याच शिपायांनी दोर लावून गाडी ओढली. गुडिंग त्या लढाईत जखमी होऊन पकडले गेले आणि जुलैमध्ये अँडरसनव्हिलच्या बंदिवासात वारले.

जून १८६४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने समान पगार मंजूर केला. मात्र भरतीच्या दिवसापासूनची पूर्ण थकबाकी १९ एप्रिल १८६१ रोजी आपण स्वतंत्र होतो, अशी शपथ घेणाऱ्यांनाच मिळणार होती. पलटणीत तर पळून आलेले गुलामही होते. शॉ यांच्यानंतरचे कर्नल एडवर्ड हॅलोवेल यांनी शपथेचा मजकूरच असा बांधला की, त्या तारखेला आपल्या श्रमावर कुणाचाही हक्क नव्हता, एवढेच शिपायाने सांगायचे. ईश्वरी न्यायाने तो हक्क कुणाचाच नव्हता. त्यामुळे प्रत्येकाला ती शपथ खऱ्या मनाने घेता आली. सप्टेंबरअखेर पूर्ण पगार हाती पडला.

इकडे महाराष्ट्रात १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कार्याबद्दल अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. ती अर्पणपत्रिका वाचताना आपल्याला लिंकन आठवतात. या कार्यात सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा वाटा होता. त्या मानवंदनेत तेही आले पाहिजेत. हक्क मागणाऱ्याला ‘मिळतंय ते घ्या’ असे सांगण्याची रीत आपल्याकडेही आहे. अपुरे दान परत करून पुरा हक्क मिळवणाऱ्या या पलटणीचा इतिहास म्हणूनच मराठी शाळांतही शिकवला जावा, असे मला मनापासून वाटते.