जुहूत आलेलं इंटरनेट आपल्या घरी यायला इतका वेळ का लागला?

फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी येणारा तो 'शुभ सकाळ'चा फोटो आठवा. गुलाब, चहाचा कप आणि एक सुविचार. साधारण तीनशे केबीचा असतो. आपण तो बघतो न बघतो तोच खाली सरकतो.

१९९५ साली भारतात सामान्य माणसाला जे इंटरनेट मिळालं, त्याचा वेग होता ९.६ केबीपीएस. त्या वेगाने हाच गुलाब स्क्रीनवर उतरायला चार मिनिटांहून जास्त वेळ लागला असता. मोबाइलवर काढलेला तीन एमबीचा फोटो मागवला असता, तर चाळीस मिनिटं. आणि तेवढा वेळ घरातला फोन अडकलेला! मावशीने कितीही वेळा नंबर फिरवला, तरी तिला एंगेज टोनच ऐकू येणार.

भारतात इंटरनेट कधी आलं, या प्रश्नाचं परीक्षेतलं उत्तर आहे १५ ऑगस्ट १९९५. पूर्ण मार्क मिळतील, पण गोष्ट अर्धीच कळेल. कारण मुंबईच्या जुहूमध्ये या जाळ्याची सुरुवात त्याआधी आठ-नऊ वर्षं झाली होती. आणि मराठी माणसाला मराठीत नीट वाचता-लिहिता यायला १९९५ नंतर आणखी कितीतरी वर्षं गेली. म्हणून मला वाटतं, 'कधी आलं' यापेक्षा 'कुणासाठी कधी आलं' हे विचारायला हवं.

दोन अक्षरं आणि एक वऱ्हाड

सुरुवात अर्थातच अमेरिकेत झाली. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातला चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या संगणकाला 'लॉगिन' हा शब्द पाठवत होता. इंग्रजीतली एल आणि ओ ही दोन अक्षरं पोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. तासाभराने पुन्हा प्रयत्न केल्यावर जमलं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या या जाळ्याचं नाव होतं आर्पानेट.

त्यातली खरी युक्ती म्हणजे संदेशाचे तुकडे करणं. लग्नाचं वऱ्हाड डोळ्यांसमोर आणा. सगळे एकाच गाडीत मावत नाहीत, मग कुणी एसटीने येतं, कुणी रेल्वेने, कुणी काकांच्या जीपमधून. वाट प्रत्येकाची वेगळी, पण कार्यालयाचा पत्ता सगळ्यांकडे एकच. पोचल्यावर जो तो आपापल्या जागी बसतो. आपला प्रत्येक मेसेज आजही असाच तुकड्यांत जातो आणि पलीकडे क्रमाने जुळवला जातो. एखादा तुकडा वाटेत हरवलाच, तर तेवढाच पुन्हा मागवतात. (वऱ्हाडात ही सोय नाही.) वेगवेगळ्या जाळ्यांनी एकमेकांशी कसं बोलायचं, याचे नियम व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडले. १ जानेवारी १९८३ पासून आर्पानेटने ते लागू केले. त्यांनाच टीसीपी-आयपी म्हणतात.

अमेरिकेतली गोष्ट इथेच थांबवते, कारण ती सगळीकडे वाचायला मिळते. जुहूची मात्र फारशी कुणी सांगत नाही.

जुहू ते पवई, फोनवरून

जुहू म्हटलं की आपल्याला चौपाटी, भेळ आणि सिनेनटांचे बंगले आठवतात. तिथल्याच गुलमोहर रस्त्यांच्या भागात 'नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी' ही सरकारी संस्था होती. सगळे तिला एनसीएसटी म्हणत. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तिचा जन्म झाला आणि १९८५ मध्ये ती स्वतंत्र झाली. तिचे प्रमुख होते डॉ. श्रीनिवासन रमणी. आयआयटी मुंबईतून पीएचडी केलेला हा माणूस, देशातले संगणक एकमेकांना जोडायचेच, या ध्यासाने कामाला लागला होता. २०१४ मध्ये त्यांचं नाव इंटरनेटच्या जागतिक 'हॉल ऑफ फेम'मध्ये घेतलं गेलं.

१९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने 'अर्नेट' हा प्रकल्प सुरू केला. त्यात आठ जागा होत्या. दिल्ली, मुंबई, कानपूर, खरगपूर आणि मद्रास इथल्या पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीतलं इलेक्ट्रॉनिक्स खातं आणि जुहूची एनसीएसटी. आणि ईमेलची देवाणघेवाण पहिल्यांदा झाली ती एनसीएसटी आणि आयआयटी मुंबई यांच्यात, १९८६-८७ मध्ये. म्हणजे जुहू ते पवई. त्या रस्त्यावरचं ट्रॅफिक ज्यांनी भोगलंय, त्यांना या पराक्रमाचं मोल वेगळं सांगायला नको.

ते ईमेल आजच्यासारखं नव्हतं. दोन्ही संगणक कायम जोडलेले नसत. एक संगणक मॉडेमवरून दुसऱ्याला चक्क फोन लावायचा, साठलेली पत्रं द्यायची, तिकडची घ्यायची आणि फोन ठेवून द्यायचा. पत्राची थैली घेऊन फिरणाऱ्या पोस्टमनसारखंच, फक्त थैली तारेतून जायची. फोन लागला नाही, खरखर झाली, मध्येच कट झाला, की पुन्हा पहिल्यापासून. आणि तेव्हाच्या आपल्या टेलिफोन लाइन्स कशा होत्या, हे घरातल्या कुठल्याही मोठ्या माणसाला विचारा.

१९८९ मध्ये '.इन' हे भारताचं इंटरनेटवरचं आडनाव नोंदलं गेलं आणि त्याची व्यवस्था एनसीएसटीकडे आली. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली आणि मुंबई कायमच्या लाइनने जोडल्या गेल्या. वेग पुन्हा तोच, ९.६ केबीपीएस. १९९२ पर्यंत सगळ्या आयआयटी आणि बंगळूरची संस्था जोडली गेली, आणि त्याच वर्षी जुहूहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत ६४ केबीपीएसची लाइन सुरू झाली.

या ६४ आकड्यापाशी मी बराच वेळ थांबले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एका साध्या डिजिटल फोन कॉलला जेवढी जागा लागते, तेवढी म्हणजे ६४ केबीपीएस. देशातल्या इतक्या मोठ्या संस्थांचे शास्त्रज्ञ, प्राध्यापक आणि विद्यार्थी जगाशी बोलत होते ते एका फोन कॉलएवढ्या वाटेने!

वर्षभर थांबा, मग फोन मिळेल

मग १९८६ ते १९९५ या काळात बाकीच्या लोकांनी काय केलं? वाट पाहिली. इंटरनेटची नव्हे, फोनची. १९९१ मध्ये देशाची लोकसंख्या सुमारे ८५ कोटी होती आणि टेलिफोन लाइन्स होत्या जेमतेम ५० लाखांच्या आसपास. ज्या घरात फोन, त्या घरात अख्ख्या चाळीचे निरोप यायचे.

मी राहते म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीत. शेजारीच हेब्बाळला इन्फोसिसचा भलाथोरला परिसर आहे. या कंपनीचा जन्म १९८१ मध्ये पुण्यात झाला, हे इथल्या बऱ्याच तरुण मुलांना सांगावं लागतं. सुधा मूर्तींनी साठवलेले दहा हजार रुपये नवऱ्याच्या हातावर ठेवले, हा प्रसंग तर आता घरोघरी माहीत आहे. पण नारायण मूर्ती भाषणांत आणखी एक गोष्ट सांगतात. तेव्हा कंपनीला साधा टेलिफोन मिळायला सुमारे वर्ष लागलं आणि संगणक आयात करण्याच्या परवान्यासाठी दोन-तीन वर्षं. संगणकाचाच धंदा करायला निघालेल्या माणसांची ही स्थिती, तिथे इंटरनेट घराघरात जाणार कसं?

परदेशाशी होणाऱ्या सगळ्या दळणवळणाची मक्तेदारी तेव्हा विदेश संचार निगम, म्हणजे व्हीएसएनएल या सरकारी कंपनीकडे होती. खासगी कंपन्यांना या क्षेत्रात येता येत नव्हतं. अखेर १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्याच्या पंधरवडाभर आधी, ३१ जुलैला, देशातला पहिला मोबाइल कॉल झाला होता. काय पंधरवडा होता तो!

पण सुरुवात काही चांगली झाली नाही. व्यक्तींसाठी दर होता २५० तासांना ५,००० रुपये. टेलिफोनचं बिल वेगळं. इतकं मोजूनही फोन लागेना, लागला तर टिकेना. मागणीचा अंदाज आणि यंत्रणेची तयारी, दोन्ही चुकलं होतं. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख बी. के. सिंगल यांनी पत्रकारांसमोर चूक जाहीर कबूल केली. सरकारी कंपनीच्या प्रमुखाने असं करणं आजही विरळाच. तरीही सहा महिन्यांत १०,००० ग्राहक झाले.

त्या हौशी मंडळींत एक नाव ऐकून आजी-आजोबा खूश होतील, ते म्हणजे शम्मी कपूर. पडद्यावर धिंगाणा घालणारा हा नट साठी उलटल्यावर संगणकापुढे रमला आणि इंटरनेट वापरणाऱ्यांच्या देशव्यापी संघटनेचा संस्थापक-अध्यक्ष झाला. 'आता या वयात काय शिकायचं' म्हणणाऱ्या ज्येष्ठांना हे उदाहरण जरूर ऐकवा.

विद्यार्थ्यांसाठी स्वस्त खातं होतं, पण त्यात चित्र दिसायचं नाही. काळ्या पडद्यावर फक्त अक्षरं. तीही इंग्रजी.

मराठी कुठे होती?

मराठी माणसं इंटरनेटवर होती, मराठी अक्षरं नव्हती. परदेशात शिकायला, नोकरीला गेलेली मुलं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून एकमेकांशी गप्पा मारायची. अविनाश चोपडे यांनी बनवलेल्या 'आयट्रान्स'मुळे रोमन अक्षरांत टाइप केलेलं देवनागरीत छापता येऊ लागलं. १९९६ च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेतून 'मायबोली' सुरू झाली आणि घरापासून दूर राहणाऱ्या कितीतरी जणांना पुरणपोळीच्या कृतीपासून कवितेपर्यंत सगळं बोलायला जागा मिळाली.

अडचण होती फॉन्टची. पुण्याच्या सी-डॅकने संगणकावर भारतीय भाषा आणायचं मोठं काम केलं होतं, पण वेबवर प्रत्येकाचा संसार वेगळा. बहुतेक फॉन्ट इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवायचे. वर्तमानपत्राची साइट उघडली की आधी 'फॉन्ट डाउनलोड करा' अशी पाटी. तो नसला, तर बातमीच्या जागी नुसता कचरा दिसायचा. आणि फॉन्ट असला तरी शोधायची सोय नाही, कारण संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतंच.

यावर उत्तर होतं युनिकोड. त्यात जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक मिळतो. आपल्या 'म'चा क्रमांक २३५०. फोन कुठल्याही कंपनीचा असो, देश कुठलाही असो, २३५० म्हणजे 'म'च. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तेव्हाच देवनागरी तिच्यात होती. पण ती घरच्या संगणकावर दिसायला विंडोज २००० आणि एक्सपी यावी लागली. एक्सपीमध्येही सेटिंग बदलून मूळ सीडी घालावी लागायची. ती सीडी कुणाच्या घरी असायची?

१ मे २००३ ला, म्हणजे महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. एव्हाना १९९८ च्या धोरणाने खासगी कंपन्यांना वाट मिळाली होती, नाक्यानाक्यावर सायबर कॅफे होते, २००२ पासून रेल्वेचं तिकीटही ऑनलाइन निघत होतं. घरातलं एखादं शिकलेलं पोर कॅफेत जाऊन सगळ्या कुटुंबाचं काम करून यायचं. माझ्या मते मराठी घरांत इंटरनेट खऱ्या अर्थाने आलं ते तिथे, लाकडी खोक्यासारख्या त्या केबिनमध्ये. पण आई, आजी, शेतावरचे काका त्या केबिनपर्यंत क्वचितच पोचले. त्यांच्या हातात ते आलं ते मोबाइलमधून, आपल्या लिपीत.

२०१४ मध्ये '.भारत' हे देवनागरी आडनाव लोकांसाठी खुलं झालं. '.इन'नंतर तब्बल पंचवीस वर्षांनी.

जुहूची एनसीएसटी २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली. व्हीएसएनएल २००२ मध्ये टाटांकडे गेली आणि आता तिचं नाव टाटा कम्युनिकेशन्स आहे. मुंबईचा किनारा मात्र कामावर आहे. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राखालून तार टाकली होती. आज परदेशातून समुद्राच्या तळाने येणाऱ्या कितीतरी इंटरनेट केबल मुंबईतच किनाऱ्याला लागतात. त्यातली एक मोठी जागा आहे वर्सोवा, जुहू चौपाटीपासून अगदी थोड्या अंतरावर.