पेटीचे पूर्वज

घरीं, शाळेंत किंवा देवळांतील भजनांत पेटी तुम्हीं सर्वांनींच ऐकली असेल. भाता हालवावा, पट्टी दाबावी, कीं स्वर निघतो. परंतु त्या पेटीच्या पोटांत बोलतें कोण? तिला तार नाहीं, कातडें नाहीं, बांसरीसारखी नळीही नाहीं. भरताच्या नाट्यशास्त्रांत वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत. तारांचीं तीं तत, कातड्यानें मढविलेलीं तीं अवनद्ध, टाळझांजांसारखीं तीं घन आणि वाऱ्यानें वाजणारीं तीं सुषिर. पेटीला यांपैकीं कोणत्या वर्गांत बसवावें? तिची वरची फळी काढून आंत डोकावलें म्हणजे उत्तर सांपडतें.

आंत पितळेचे लहान लांबट तुकडे ओळीनें बसविलेले दिसतात. प्रत्येक तुकड्यास एक अरुंद आरपार फट असते, आणि त्या फटीवर पितळेचीच एक पातळ जीभ बसविलेली असते. जिभेचें एक टोंक जखडलेलें, दुसरें मोकळें. कारागीर या तुकड्यास ‘सूर’ असेंच म्हणतात. भात्यांतील हवा फटींतून जाऊं लागली कीं ती जिभेला ढकलते, आणि लवचिक जीभ लागलीच परत उसळते. हें ढकलणें व उसळणें एका सेकंदांत शेंकडों वेळां होतें, आणि प्रत्येक खेपेस हवेचा ओघ तुटतो. हा भराभर तुटणारा ओघच कानास स्वर म्हणून ऐकूं येतो. जीभ धातूची खरी, पण बोलणें हवेचें; म्हणून पेटी सुषिर वर्गांत जाते. सनईंत पानाचीं दोन दलें एकमेकांवर आपटतात. पेटींतील जीभ मात्र कशावरही न आपटतां फटींतून मोकळी ये-जा करते. म्हणून तिला ‘मोकळी जीभ’ म्हणावें.

एक सोपा प्रयोग करून पाहा. पोलादी मोजपट्टी मेजाच्या कडेवर घट्ट दाबून धरा आणि बाहेर राहिलेलें लांब टोंक छेडा. पट्टी संथपणें डुलेल. आतां टोंक थोडथोडें आंखूड करीत जा. आवाज चढत गेलेला ऐकूं येईल. पेटीच्या जिभेलाही हाच नियम लागू आहे. जीभ लांब तर स्वर खालचा, आंखूड तर वरचा. पेटी जुळविणारा कारागीर जिभेचें टोंक किंचित् खरवडतो, तेव्हां टोंक हलकें होऊन स्वर चढतो. मुळाशीं खरवडलें, तर तेथें ती दुबळी होऊन स्वर उतरतो.

ही युक्ति युरोपांत जन्मली असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तिचें जुनें घर आशियाच्या पूर्व भागांत आहे. चीनमधील हुबेई प्रांतांत इ. स. पूर्व ५ व्या शतकांतील एका अधिपतीची समाधि १९७८ सालीं उकरण्यांत आली. तींत इतर अनेक वाद्यांबरोबर ‘शंग’ नांवाचें वाद्यही निघालें. शंगाची रचना मोठी गमतीची आहे. जुन्या पद्धतीच्या शंगांत एका भोपळ्यांत बांबूच्या १७ नळ्या उभ्या खोंचलेल्या असतात. बोलक्या नळीच्या तळाशीं एक मोकळी जीभ असते. मिटलेल्या पंखांनीं बसलेल्या एखाद्या पौराणिक पक्ष्यासारखा त्याचा आकार दिसतो. वादक तोटीला तोंड लावून फुंकतो तेव्हां स्वर निघतो, आणि श्वास आंत ओढतो तेव्हांही निघतो. बांसरीहून येथें उलटा प्रकार आहे. नळीचें भोंक उघडें असलें कीं ती मुकी. बोटानें झांकलें कीं ती बोलूं लागते.

चीनमधून हें वाद्य जपानांत गेलें. तेथें त्याला ‘शो’ म्हणतात, आणि राजदरबारच्या प्राचीन संगीतांत तें आजही वाजतें. श्वासाचा ओलावा जिभांवर सांचला तर स्वर बिघडतो, म्हणून वादक मधून मधून तें शेगडीवर शेकतात. लाओस देशांत याच कुळांतील ‘खेन’ गांवोगांवच्या उत्सवांत वाजतें. त्याच्या बांबूच्या लांब नळ्या दोन ओळींत बांधलेल्या असतात. २०१७ सालीं युनेस्कोनें खेनच्या संगीताची मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली.

१८ व्या शतकांत शंग युरोपांत पोहोंचलें आणि तेथील कारागिरांनींही मोकळी जीभ हातीं घेतली. १८२९ सालीं व्हिएन्नांत डेमियान यानें अकॉर्डियनचें पेटंट घेतलें, आणि १८४२ सालीं पॅरिसमध्यें दबॅं यानें हार्मोनियमचें. हा हार्मोनियम म्हणजे खुर्चीवर बसून पायांनीं भाता चालवावयाची पायपेटी होय. ती हिंदुस्थानांत आली. पण येथील गवई बसतो मांडी घालून. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धांत कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं हातानें भाता चालवावयाची पेटी घडविली. मराठी रंगभूमीनें पेटीला जवळ केलें, आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनीं तिला मान मिळवून दिला.

तरीही तिच्यावर एक मोठा आक्षेप आला. जिभेची लांबी ठरलेली, म्हणून तिचा स्वरही ठरलेला. गवयाचा गळा ‘सा’पासून ‘ग’पर्यंत अखंड घसरत जातो, त्याला मींड म्हणतात. पेटीला पायऱ्या आहेत, उतार नाहीं. दोन पट्ट्यांमधील सूक्ष्म श्रुतिही तिच्यांत सांपडत नाहींत. रवींद्रनाथ ठाकुरांनाही ती आवडत नसे. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीला आपलीं दारें बंद केलीं, आणि तीं १९७१ सालीं पुनः किलकिलीं झालीं. मधल्या ३१ वर्षांत आकाशवाणीवर पेटी मुकी राहिली. घरोघरीं मात्र मुलें ‘सा’ तिच्यावरच शिकत होतीं.

मींडेचा आक्षेप खरा आहे, आणि गाणें शिकणाऱ्या मुलानें तो ध्यानांत ठेवावा. पेटी स्वराची जागा दाखवील. एका जागेहून दुसऱ्या जागीं कसें जावें, हें गुरूच्या गळ्यापासूनच शिकावें लागेल. परंतु पेटी केवळ विलायती, हें म्हणणें अर्धेंच खरें. तिची पेटी युरोपची, हातभाता कलकत्त्याचा, तर जिभेचे पूर्वज बांबूच्या नळ्यांत बोलणारे. पेटी जुळविणारा कारागीर घरीं येईल तेव्हां त्याच्या जवळ बसा आणि एखादी जीभ खरवडतांना स्वर कसा चढतो, तें कान देऊन ऐका.