कंपनीच्या संघापासून गावाच्या क्लबपर्यंत : जपानची जे-लीग

फुटबॉलच्या विश्वचषकात आज जपान नसेल, अशी कल्पनाही कोणी करत नाही. पण १९९८ पूर्वी हा देश तिथे एकदाही पोहोचला नव्हता. हा पालट घडवण्यात १९९३ साली सुरू झालेल्या जे-लीग या व्यावसायिक साखळीचा मोठा वाटा आहे. पैसा तिच्याकडे होताच, पण तिला तारले ते एका आग्रहाने : क्लब कंपनीचा नव्हे, गावाचा असला पाहिजे.

आधीची साखळी

जपानमध्ये १९६५ साली आठ संघांची राष्ट्रीय साखळी सुरू झाली. मित्सुबिशी, फुरुकावा अशा कंपन्यांचे हे संघ. खेळाडू बहुतेक त्याच कंपनीचे नोकरदार. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानने कांस्यपदक मिळवले तेव्हा खेळाची हवा झाली, पण ती फार टिकली नाही. कंपनीच्या संघाशी बाहेरच्या माणसाचे नाते जुळेना आणि प्रेक्षागृहे ओस पडू लागली.

तीन अटी

नव्या साखळीची सूत्रे साबुरो कावाबुची यांच्याकडे आली. ते स्वतः फुरुकावाकडून खेळलेले आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध गोल केलेले खेळाडू. त्यांनी क्लबांपुढे अटी ठेवल्या : संघाच्या नावात कंपनीऐवजी गाव हवे, स्वतःचे घरचे मैदान हवे, आणि मुलांचे संघ घडवणारी व्यवस्था हवी. मित्सुबिशीचा संघ उरावा रेड डायमंड्स झाला, माझदाचा सॅनफ्रेचे हिरोशिमा. योमिउरी या बलाढ्य वृत्तपत्रसमूहाने नावासाठी बराच वाद घातला, तरी कावाबुची मागे हटले नाहीत.

काशिमाची जिद्द

काशिमा हे पोलाद कारखान्याचे छोटे गाव. तिथला सुमितोमो कंपनीचा संघ जुन्या साखळीच्या दुसऱ्या श्रेणीत खेळणारा. त्याला जे-लीगमध्ये प्रवेश मिळणे जवळपास अशक्य असल्याचे सांगण्यात आले. छत असलेले पंधरा हजार प्रेक्षकांचे स्टेडियम बांधाल तरच विचार करू, असे उत्तर मिळाले. स्थानिक प्रशासनाने ते खरेच उभारले! ब्राझीलचा झिको तिथे आला आणि १९९३ साली जे-लीगमधल्या काशिमाच्या पहिल्याच सामन्यात त्याने हॅटट्रिक केली. पुढे २००७ ते २००९ अशी सलग तीन विजेतेपदे या काशिमा अँटलर्सने पटकावली.

भर ओसरल्यावर

जे-लीगचा पहिला सामना १५ मे १९९३ रोजी टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर झाला. जवळपास ६० हजार प्रेक्षकांपुढे योकोहामा मारिनोसने वेर्दी कावासाकीला २-१ असे हरवले. दहा क्लबांची ही साखळी काही वर्षे तुफान चालली. मग मंदीने प्रायोजक हात आखडता घेऊ लागले. १९९८ साली योकोहामा फ्ल्यूगेल्सचा एक मालक आर्थिक अडचणीत आला आणि क्लब मारिनोसमध्ये विलीन करण्याचा निर्णय झाला. शेवटच्या दिवसांत खेळाडू जिद्दीला पेटले. १ जानेवारी १९९९ रोजी त्यांनी सम्राट चषक जिंकला आणि क्लब संपला. पण समर्थकांनी विलीनीकरण मान्य केले नाही. त्यांनी योकोहामा एफसी हा नवा क्लब काढला आणि २००७ साली तो पहिल्या श्रेणीत खेळला.

आज ती कशी चालते?

साखळीच्या आता तीन श्रेणी आहेत आणि २०२४ पासून प्रत्येकीत २० क्लब आहेत. प्रत्येकाशी एक सामना घरच्या आणि एक परक्या मैदानावर, असे हंगामात ३८ सामने होतात. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. पहिल्या श्रेणीतले तळाचे तीन क्लब खाली जातात. दुसरीतले पहिले दोन थेट वर येतात आणि तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे क्लब उरलेल्या एका जागेसाठी झुंजतात.

केवळ मैदानावर जिंकून मात्र भागत नाही. दरवर्षी परवाना लागतो. त्यासाठी स्टेडियम, युवा संघ आणि हिशेब तपासले जातात. वर्षानुवर्षे तोट्यात राहणाऱ्या क्लबचा परवाना धोक्यात येतो. फेब्रुवारी ते डिसेंबर हा जुना हंगामही आता बदलतो आहे : २०२६-२७ पासून तो ऑगस्टमध्ये सुरू होईल आणि बर्फाळ भागांसाठी हिवाळ्यात मोठी सुट्टी असेल.

आपण काय घ्यावे?

कंपनीचे संघ आपल्यालाही नवे नाहीत. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० साली बंद झाला, पंजाबचा जेसीटी २०११ साली. मालकाने हात काढला की संघ संपतो, हे आपण पुनःपुन्हा पाहिले आहे. भारतीय फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी परदेशी तारे आणि प्रक्षेपणाचे करार यांच्या आधी क्लबची मुळे गावात कशी रुजतील, हे पाहावे. मालक बदलला तरी समर्थक ज्याला सोडत नाहीत, तोच क्लब टिकतो.