मंडेलांची क्षमा आणि मराठवाड्याचे मौन

दरवर्षी १८ जुलैला कुठल्या ना कुठल्या सभागृहात नेल्सन मंडेलांच्या फोटोला हार पडतो. वक्ते उठतात आणि एकच गोष्ट सांगतात : सत्तावीस वर्षे तुरुंगात काढूनही या थोर माणसाने गोऱ्यांना क्षमा केली. मग वक्त्याची नजर समोर बसलेल्या आपल्या पोरांकडे वळते. तुम्हीही झाले गेले विसरा, असे न बोलता सांगितले जाते.

हा मंडेला अर्धा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २००९ साली १८ जुलै हा आंतरराष्ट्रीय मंडेला दिन जाहीर केला तो केवळ क्षमेसाठी नव्हे. सशस्त्र लढ्याचा त्याग करा, मग सोडतो, ही गोऱ्या सरकारची अट या माणसाने १९८५ साली धुडकावली आणि आणखी पाच वर्षे कैद भोगली. आणि क्षमेचे म्हणाल तर तीही फुकट नव्हती. डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य व सलोखा आयोग बसला. ज्यांनी छळले, मारले, पुरले, त्यांनी समोर येऊन पूर्ण कबुली द्यायची, तरच माफीचा विचार. अर्ज सात हजारांवर आले, माफी मिळाली साडेआठशेच्या आत. त्या आयोगाने तिथल्या काळ्या माणसाला जमीन मिळवून दिली नाही, ही टीका रास्तच आहे. पण आईला निदान कळले, आपला मुलगा कुणी मारला.

आता नांदेड जिल्ह्याकडे या.

जुलै १९७८. मंडेलांनी रॉबेन बेटावरच्या तुरुंगात साठी पूर्ण केली तो महिना. २७ तारखेला महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या, माणसे लेकराबाळांसह गाव सोडून पळाली. ४ ऑगस्टला आपल्याच जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना हालहाल करून मारण्यात आले. पोचीराम मातंग समाजातले. नामांतर ही फक्त बौद्धांची मागणी होती असे आजही म्हणणाऱ्यांनी हे एक नाव तरी लक्षात ठेवावे. पुढे सोळा वर्षे लढा चालला. नागपूरहून लाँगमार्च निघाला, तुरुंग भरले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १४ जानेवारी १९९४ रोजी, सरकारने निर्णय केला. तोही नामांतराचा नाही, नामविस्ताराचा!

त्याच १९९४ च्या एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेतला काळा माणूस पहिल्यांदा मतदानाच्या रांगेत उभा राहिला आणि मे महिन्यात मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. आपल्याकडे त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. नांदेड, लातूर, परभणी तिकडे गेले. स्वामीजींविषयी आमच्या मनात आदरच आहे, आणि भोकर-किनवटच्या पोरांना जवळ विद्यापीठ हवे होते हेही खरे. तरी एक गोष्ट बोचते. ज्या जिल्ह्याने पोचीराम आणि गौतम दिले, त्या जिल्ह्यातल्या मुलाच्या पदवीवर बाबासाहेबांचे नाव जेमतेम आठ महिने टिकले. आज भोकरच्या कॉलेजातून पदवी घेणाऱ्या मुलीला विचारा, पोचीराम कोण होते? दोष तिचा नाही. तिला कुणी सांगितले?

आमच्याकडे सत्य सांगायला आयोग बसला नाही. कबुली द्यायला, माफी मागायला कुणी समोर आले नाही. मग क्षमा नेमकी करायची कुणाला? जाळणारे कोण होते हे गावाला ठाऊक आहे. ज्यांची घरे जळाली तेही त्याच गावात राहतात, त्याच वाटेने रानात जातात, लग्नाच्या पंगतीला समोरासमोर येतात. बोलत मात्र कुणी नाही. याला सलोखा म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे.

मंडेलांची बातमी भारतात आली ती ६ डिसेंबर २०१३ च्या पहाटे. दादरला चैत्यभूमीवर आपली माणसे रांगेत उभी होती तो दिवस. तिथल्या अनेकांनी १९७८ अंगावर झेललेले होते. त्यांची साक्ष कुठल्या आयोगाने नोंदवली?

मंडेला दिनाला एक प्रथा आहे. मंडेलांनी ६७ वर्षे लोकांसाठी दिली, म्हणून प्रत्येकाने ६७ मिनिटे द्यावीत. जगभर त्या वेळात कुणी झाडे लावतो, कुणी शाळेच्या भिंती रंगवतो. चांगलेच आहे. आपल्या पोरांनी येत्या १८ जुलैला वही-पेन घ्यावे, नाहीतर हातातला मोबाईल चालू करावा, आणि वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसासमोर ६७ मिनिटे बसावे. १९७८ ला विशी-पंचविशीत असलेली माणसे आता सत्तरीच्या आसपास आहेत. त्या रात्री कुठे लपलात, धान्य कुणी दिले, कुणी दार लावून घेतले, पोलीस कधी आले, हे विचारावे. ज्या सवर्ण घराने लपवून ठेवले असेल त्याचेही नाव लिहावे. आणि हे लिखाण सुरू करायला टेंभुर्णी भोकरपासून फार लांब नाही.