इंग्रजी क्रियापदांची गल्लत

कोणते कोठे?

रायपूरच्या शंकर नगरात, जेथे मराठी घरांतून बाहेर पाऊल टाकताच हिंदी-छत्तीसगढी सुरू होते आणि कचेरीचा मसुदा कधी इंग्रजीतही मागितला जातो, तेथे पुढील जोड्या जवळ असाव्यात.

• लेंड, बॉरो : मराठीत ‘उसने’ कायम राहते, देणे-घेणे तेवढे बदलते, इंग्रजीत क्रियापदच बदलते. शेजारी वाटीभर साखर दिली, तर लेंड. तेथून आणली, तर बॉरो.

• राइज, रेज : पहिले अकर्मक, दुसरे सकर्मक. सूर्यास राइज, हात वर करण्यास रेज.

• लाय, ले : सर्वांत घोटाळ्याची जोडी, कारण ‘पडून असणे’ या अर्थाच्या ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’ होतो, आणि तेच ‘ले’ ‘ठेवणे’ या अर्थाने स्वतंत्र क्रियापद असून त्याचा भूतकाळ ‘लेड’ होतो. फाइल महिनाभर पडून होती, तेथे ले; शिरस्तेदाराने ती साहेबांपुढे ठेवली, तेथे लेड. असत्य बोलण्याच्या ‘लाय’चे मात्र लाइड.

• हंग, हँग्ड : तसबीर टांगली, तर हंग, मनुष्यास फाशी दिली, तर हँग्ड. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३, कलम ३५४(५) मध्ये मृत्युदंडाच्या हुकुमासाठी हँग्ड हेच रूप होते.

• अफेक्ट, इफेक्ट : परिणाम करणे म्हणजे अफेक्ट. इफेक्ट एरवी नाम, परंतु क्रियापद झाले की अर्थ ‘घडवून आणणे’; वसुली प्रत्यक्ष करणे हा त्याचा दफ्तरी उपयोग.