हिरवा चहा ठरतो तो कढईत

सुरतेतल्या उधन्याच्या लारीवर रातपाळीच्या लूम कामगारांसाठी उकळणारा, गवती चहा घातलेला दुधाळ चहा आणि चीनच्या आनह्वेई प्रांतातला सोंगलो हा हिरवा चहा एकाच जातीच्या झाडापासून होतात, हे सहज पटत नाही. सोंगलो सुरतेला तसा अनोळखीही नाही. १६८९ साली इंग्लंडहून निघून इथे आलेला पाद्री जॉन ओव्हिंग्टन याने, हिंदुस्थानात मसाला घालून उकळलेला चहा खडीसाखरेसोबत पितात, अशी नोंद केली. पुढे १६९९ मध्ये त्याने चहावर छोटं पुस्तकच लिहिलं. त्यात सांगितलेल्या तीन प्रकारांपैकी 'सिंग्लो' हे नाव सोंगलो डोंगरावरूनच आलेलं.

पान खुडलं आणि चुरगळलं की त्यातलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर कॅटेचिन या तुरट घटकांना हवेतल्या ऑक्सिजनशी जोडतं आणि पान तांबूस होत जातं. आपल्या सीटीसी चहासाठी यंत्राच्या दातेरी रुळांत पान मुद्दाम फाडतात ते याचसाठी. सोंगलोची रीत नेमकी उलटी आहे. तापलेल्या कढईत पानं सतत परतून ते विकर आधीच निकामी करायचं, मग वळायचं, वाळवायचं. हिरव्या चहाचा कस मुख्यतः या काही मिनिटांत लागतो, असं माझं मत आहे. मग माती, हवामान, वाण यांना काहीच किंमत नाही का? आहे, आणि ती मोठी आहे. मुळांत तयार होणारं, गोडवा देणारं थिअनिन उन्हात खर्ची पडून कॅटेचिनं वाढतात, म्हणून वसंतातली कोवळी पानं गोडसर आणि उन्हाळ्यातली तुरट. पण उत्तम पानसुद्धा कढईत उशिरा पडलं किंवा कढई कमी तापलेली असली, तर हा गुण हाती लागत नाही.

दुसरा आक्षेप रंगाचा. गडद हिरवा तो अस्सल, असं अनेकांना वाटतं. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट फॉर्च्यून १८४८ मध्ये याच भागात गेला, तेव्हा निर्यातीच्या चहाला प्रशियन निळा रंग आणि जिप्सम चोळणाऱ्या कामगारांचे हात निळे झालेले त्याने पाहिले. परदेशी गिऱ्हाइकाला तसाच रंग हवा होता. चिनी लोक स्वतः तो चहा पीत नसत. त्यामुळे पुडीतल्या रंगापेक्षा पेल्याच्या तळाशी उलगडलेलं पान पाहावं. देठ लालसर असेल तर पानाला आच पुरेशी लागलेली नाही. टी-बॅगमधल्या भुकटीत मात्र हे तपासायला देठच सापडत नाही.