तिला ठाऊक असतं का?

टोळीतल्या गुंडावर एखादी मुलगी जीव लावते, अशी गोष्ट पडद्यावर आली की आपण त्या माणसाचे खून विसरतो. असं का होतं? राम गोपाल वर्मा यांचा ‘सत्या’ हा चित्रपट घेऊन पाहू. तो जुलै १९९८ मध्ये आला.

सत्या मुंबईत येतो तो एकटाच. त्याच्या चाळीत, समोरच्या खोलीत विद्या राहते. ऊर्मिला मातोंडकरने ती भूमिका केली आहे. विद्याला सिनेमात गायचं आहे. तिच्याशी बोलताना हा अबोल माणूस हसतो, संकोचतो. आपणही त्याला तिच्याच नजरेनं पाहू लागतो. अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्ला यांच्या लेखणीची ही किमया. तिला तो जेवढा दिसतो, तेवढाच आपल्याला खरा वाटायला लागतो.

मग विद्याला गाणं मिळतं. पण ते मिळतं संगीतकाराला धमकावून. तिला वाटतं, आपल्या गळ्याची कदर झाली! हा प्रसंग निव्वळ कल्पनेतला वाटू नये. वर्षभरच आधी, १२ ऑगस्ट १९९७ रोजी, संगीतव्यवसायातले गुलशन कुमार यांची अंधेरीत भरदिवसा हत्या झाली होती.

कविता लिहिणारा माणूस म्हणून मला हा प्रसंग सगळ्यांत क्रूर वाटतो. रक्ताचा थेंब सांडत नाही, पण एका कलावंताचा स्वतःवरचा विश्वास चोरीला जातो. खरं कळल्यावर ती आपलंच गाणं कशी ऐकणार?

पुढे दोघं सिनेमाला जातात आणि पोलीस थिएटरला वेढा घालतात. सत्या गोळी झाडतो, चेंगराचेंगरी होते, माणसं मरतात. तिच्यापासून लपवलेल्या सत्याची किंमत अनोळखी माणसं मोजतात. शेवटी तो तिच्या बंद दारापाशी विनवण्या करतो. तिला आता सगळं कळलेलं असतं. ती दार उघडत नाही.

याच चित्रपटात भिकू म्हात्रेची बायको प्यारी आहे. तिला नवऱ्याचा धंदा ठाऊक आहे. ती भांडते, रुसते, प्रेमही करते, आणि विधवा होते. माहीत नसलेली आणि माहीत असलेली, दोघींच्या वाट्याला शेवटी एकच रितेपण येतं.

महेश मांजरेकरांच्या ‘वास्तव’मध्ये (१९९९) पावभाजीची गाडी चालवणारा रघू एका भांडणातून गुन्हेगार होतो. तिथे बायको आहे, मूलही आहे. पण अखेरचा निवाडा आई करते. आपल्या मुलाला तीच गोळी घालते.

हे दोन्ही चित्रपट आले तेव्हा आमच्या शहराचं नाव औरंगाबाद होतं. मोहल्ल्यातली पोरं रघूसारखी सोन्याची साखळी मिरवायची स्वप्नं बघत. आमच्या घरात ‘भाई’ म्हणजे थोरला भाऊ, बहिणीच्या पाठीशी उभा राहणारा. टोळ्यांनी तो शब्द उचलला आणि त्याला दहशत चिकटली. एक चांगला शब्द असा नासला, याचं मला दुःख आहे.

असा चित्रपट जरूर बघावा. मात्र पोरांशी बोलताना भिकूच्या रुबाबाबरोबर विद्याचीही आठवण काढावी. दाराआड उभ्या असलेल्या त्या मुलीचं गाणं पुढे कुणी ऐकलं, एवढं तरी त्यांना विचारावं.